बडोद्यात परदेशी माणूस नोकरीवर घेताना: व्हिसा, करार आणि नोंदणी

मकरपुरा जीआयडीसी असो वा सावली, परदेशी तज्ज्ञ आणायचं ठरलं की कारखानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला: वर्क परमिटचा फॉर्म कुठे मिळतो? भारतात वर्क परमिट नावाचा वेगळा कागदच नाही. एम्प्लॉयमेंट व्हिसा हाच कामाचा परवाना. त्याचा अर्ज येणारा माणूस आपल्या देशातल्या भारतीय वकिलातीत करतो. दुसऱ्या एखाद्या देशात दोन वर्षांहून जास्त राहत असेल तर तिथूनही करता येतो. पण व्हिसा मिळणार की अडणार, हे बहुतेक वेळा मालकाने दिलेल्या कागदांवर ठरतं. म्हणून आधी करार नीट करा, तिकिटाचं नंतर बघा.

नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना इथे नोकरीसाठी व्हिसा लागत नाही. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) असलेल्यांनाही एम्प्लॉयमेंट व्हिसाची गरज नाही. अमेरिकेहून परत आलेला, तिकडचं नागरिकत्व घेतलेला कुणाचा भाचा ठेवायचा असेल, तर आधी त्याच्याकडे हे कार्ड आहे का ते विचारा. निम्मी धावपळ तिथेच वाचते.

बाकीच्यांसाठी मुख्य अटी दोन. काम खास कौशल्याचं हवं. ज्या कामाला भारतीय माणूस सहज मिळतो ते, किंवा कारकुनी, सेक्रेटरीचं, रोजचं साधं काम असेल तर व्हिसा मिळत नाही. दुसरी अट पगाराची: वर्षाला किमान १६.२५ लाख रुपये. परदेशी पद्धतीचं जेवण करणारे त्या त्या देशाचे आचारी, इंग्रजी सोडून इतर भाषांचे शिक्षक व अनुवादक आणि वकिलातींचे कर्मचारी यांना ही पगाराची अट नाही. त्यामुळे अलकापुरीतल्या हॉटेलात थाई आचारी कमी पगारावर येऊ शकतो, पण त्याच हॉटेलातला परदेशी मॅनेजर नाही.

पगाराच्या आकड्यात फार जण चुकतात. करारात महिन्याला १,३५,००० लिहिलं तर वर्षाचे १६.२० लाख होतात, म्हणजे पाच हजार कमी. महिन्याला निदान १,३५,४१७ हवेत. कंपनीने दिलेलं घर किंवा इतर सवलती मोजता येतात, पण फक्त त्या, ज्या आयकरासाठी पगारात धरल्या जातात. ‘राहण्याची सोय कंपनी करेल’ एवढं लिहून भागत नाही. रोख पगार व भत्ते एका बाजूला, प्रत्येक सवलत आणि तिची किंमत दुसऱ्या बाजूला, असं करारातच वेगळं मांडा.

माणसाकडून पासपोर्ट (निदान सहा महिने वैध, दोन कोरी पानं), फोटो, बायोडेटा, पदवी आणि अनुभवाची पत्रं लागतात. कंपनीकडून नोंदणीचा दाखला, पॅन, सही झालेला करार, माणसाची जबाबदारी घेणारं हमीपत्र, आणि हे काम भारतीय माणसाकडून का होत नाही हे सांगणारं पत्र. या शेवटच्या पत्रावर खरा वेळ घालवा. ‘अत्यंत हुशार अभियंता’ असल्या शब्दांनी काही साधत नाही. कोणतं यंत्र, कोणती प्रक्रिया, त्यावर त्याने किती वर्षं काम केलंय आणि इथल्या कामगारांना तो काय शिकवणार, ते लिहा. पत्र, करार आणि अर्ज यांत पदाचं नाव अक्षरशः एकच हवं. एकात ‘कन्सल्टंट’ आणि दुसऱ्यात ‘मॅनेजर’ असेल तर शंका येणारच.

टुरिस्ट किंवा बिझनेस व्हिसावर बोलावून ‘इथे आला की बदलून घेऊ’ हा विचार सोडा. व्हिसा इथे बदलून मिळत नाही. परत जाऊनच नवा अर्ज करावा लागतो. विकत घेतलेल्या यंत्राची जोडणी आणि चाचणी करायला पुरवठादाराची माणसं येणार असतील तर वाट वेगळी आहे. २०२५ च्या अखेरीपासून त्यासाठी बिझनेस व्हिसात बी-४ हा प्रकार आहे, आणि त्याचं प्रायोजक पत्र भारतीय कंपनी नॅशनल सिंगल विंडो सिस्टीम या सरकारी पोर्टलवर तयार करते.

व्हिसा १८० दिवसांहून जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत एफआरआरओ म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे नोंदणी करावी लागते. गुजरातचं एफआरआरओ अहमदाबादला आहे, पण काम ई-एफआरआरओ या पोर्टलवर ऑनलाइन होतं. बोलावलं तरच जायचं. अर्ज अडतो तो बहुधा पत्त्यावर. भाडेकरार, एमजीव्हीसीएलचं लाईट बिल आणि कंपनीचं पत्र यांत घर नंबर, सोसायटी, पिनकोड सारखेच हवेत. शिवाय घरमालकाने माणूस राहायला आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरायची असते, यालाच सगळे फॉर्म सी म्हणतात. हॉटेलवाले हे आपोआप करतात, फ्लॅटच्या मालकाला मात्र बहुतेक वेळा माहीतच नसतं. चावी घ्यायच्या आधी त्याच्याशी बोला.

पीएफचा धक्का नंतर बसतो. परदेशी कर्मचाऱ्याला पीएफसाठीची महिना १५,००० वेतनाची मर्यादा लागू नाही. पीएफला पात्र वेतन महिन्याला एक लाख असेल तर कर्मचारी आणि मालक दोघांचेही प्रत्येकी १२,००० जातात. जर्मनी, जपान, फ्रान्स, दक्षिण कोरिया अशा, भारताशी सामाजिक सुरक्षेचा करार असलेल्या देशातल्या मालकाने पाठवलेल्या आणि तिथल्या सामाजिक सुरक्षा योजनेत वर्गणी चालू असलेल्या माणसाने तसा दाखला (कव्हरेज सर्टिफिकेट) तिथून आणला तर सूट मिळते. इथेच थेट नेमलेल्याला नाही. असा करार नसलेल्या देशाच्या माणसाला पीएफची ही रक्कम सहसा ५८ व्या वर्षीच काढता येते, हे त्याला सहीपूर्वी सांगितलंच पाहिजे.

व्हिसाला मुदतवाढ मिळू शकते. मुदत संपायच्या निदान महिनाभर आधी अर्ज करा आणि टीडीएस कापल्याचे कागद तयार ठेवा. करारातला पगार आणि कर भरलेला पगार जुळतो का, हे तिथे बघतात. नोकरी मधेच सुटली तर एफआरआरओला लगेच कळवा. व्हिसा तुमच्या कंपनीशी बांधलेला असतो. मूळ कंपनी आणि तिच्या उपकंपन्यांमधली बदलीसुद्धा सरकारच्या पूर्वपरवानगीनेच होते, आणि हालोलच्या दुसऱ्या मालकाकडे जायचं असेल तर त्याला मायदेशी जाऊन नव्याने व्हिसा काढावा लागतो.