अंतुले आणि सिमेंटची गोणी

१९८० साली मुंबईत नुसते पैसे मोजून सिमेंटची गोणी मिळत नसे. दर सरकारने ठरवलेला, वाटपही सरकारच्या हातात. आधी परवाना काढा, नाहीतर काळाबाजार आहेच. घराचा स्लॅब अडलेल्या माणसाला आणि इमारत अडलेल्या बिल्डरला, दोघांनाही तोच कागद लागे. फरक इतकाच, की बिल्डरला मंत्रालयाचे जिने पाठ होते. बॅ. अब्दुल रहमान अंतुले यांचं प्रकरण इथून सुरू होतं.

अंतुले कुलाबा जिल्ह्यातल्या आंबेतचे. लंडनहून बॅरिस्टर होऊन आले, १९६२ मध्ये आमदार झाले. १९७८ ला काँग्रेस फुटली तेव्हा राज्यातले अनेक वजनदार नेते पलीकडे गेले, हे इंदिरा गांधींसोबत राहिले. जून १९८० मध्ये मुख्यमंत्रिपद मिळालं ते त्या निष्ठेपायी. पाठीशी ना साखर कारखाना, ना जातीचं गणित. महाराष्ट्राचे ते आजवरचे एकमेव मुस्लिम मुख्यमंत्री.

निर्णयांचा सपाटा मात्र जबरदस्त होता. कुलाब्याचं रायगड झालं, रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा काढला. लंडनहून भवानी तलवार आणण्याची घोषणाही झाली. ती तलवार काही आली नाही. संजय गांधी निराधार योजना त्यांचीच. 'निराधारचे पैसे आले का?' हा प्रश्न गावात आजही ऐकू येतो, पण त्यामागचं नाव फारसं कुणाला आठवत नाही.

याच काळात अंतुलेंनी 'इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान' नावाचा ट्रस्ट काढला. ऑगस्ट १९८१ च्या अखेरीस 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरींनी हिशेब मांडला: बिल्डरांना सिमेंट, प्रतिष्ठानला देणग्या. १२ जानेवारी १९८२ रोजी उच्च न्यायालयात न्या. लेंटिन यांनी या दोहोंचा संबंध मान्य केला आणि अंतुलेंनी राजीनामा दिला. गंमत म्हणजे पुढच्याच महिन्यात केंद्राने सिमेंटवरचं नियंत्रण निम्मंशिम्मं उठवलं.

भाजपच्या रामदास नायक यांनी अंतुलेंवर केलेला भ्रष्टाचाराचा खटला मात्र हलेना. आमदार हा भारतीय दंडसंहितेतला 'लोकसेवक' नव्हे, म्हणून खटल्याला पूर्वपरवानगी नको, असं १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं आणि खटला थेट उच्च न्यायालयाकडे सोपवला. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने ठरवलं, की तसा तो सोपवणं ही आपलीच चूक होती. जलद सुनावणीच्या हक्काबद्दलचा १९९१ चा गाजलेला निकालही याच खटल्यातला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना 'अंतुले' भेटतात ते असे. शिक्षा त्यांना कधीच झाली नाही.

१९८९ मध्ये कुलाबा मतदारसंघाने त्यांना लोकसभेत पाठवलं. पुढे ते केंद्रात मंत्री झाले. डिसेंबर २००८ मध्ये २६/११ च्या हल्ल्यात मारले गेलेले पोलीस अधिकारी हेमंत करकरे यांच्या मृत्यूबद्दल त्यांनी जाहीर शंका घेतली आणि स्वपक्षीयांनाच तोंड लपवायची वेळ आली. २००९ मध्ये शिवसेनेच्या अनंत गीतेंनी त्यांना हरवलं. मतदारसंघ होता रायगड, जिल्ह्याला त्यांनीच दिलेल्या नावाचा.