खोलीतली गिटार सभागृहात कशी आली

क्लासिकल गिटारचा कार्यक्रम पहिल्यांदा पाहणाऱ्याचं लक्ष आधी वादकाच्या पायांकडे जातं. डावा पाय एका बुटक्या स्टुलावर टेकलेला, त्याच मांडीवर गिटार, तिची मान तिरकी वर गेलेली. मग हात दिसतात. डाव्या हाताची नखं अगदी कापलेली, उजव्याची वाढवून बारीक पॉलिश पेपरने घासलेली. सतारिया मिजराब चढवतो, हा वादक ती बोटावरच वाढवतो. समोर माइक बहुधा नसतो. पहिला सूर आला की मागच्या रांगेतली माणसं खुर्चीत जराशी पुढे सरकतात, कारण आवाज खरंच लहान असतो.

हा लहान आवाज हेच या वाद्याचं जुनं दुखणं.

एक खुलासा आधीच केलेला बरा. आपल्याकडे ‘क्लासिकल गिटार’ म्हटलं की पुष्कळांना ब्रिजभूषण काबरा किंवा विश्वमोहन भट आठवतात. ती वाट वेगळी: गिटार आडवी, तारा पोलादी, पट्टी सरकवून काढलेली मींड आणि तीत उतरलेला राग. इथला विषय आहे युरोपातली सहा तारांची, बोटांनी छेडायची गिटार.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिचे दिवस बरे होते. स्पेनचे फर्नांदो सोर आणि इटलीचे माउरो जुलियानी पॅरिस, लंडन, व्हिएन्ना गाजवत होते. पुढे पियानो दणकट झाला, वाद्यवृंद वाढले, सभागृहं मोठी झाली आणि गिटार दिवाणखान्यात नाहीतर गुत्त्यात जाऊन बसली. तिला बाहेर काढण्याची खरी सुरुवात एका सुताराने केली. आल्मेरियाचे आंतोनियो दे तोरेस (1817–1892). त्यांनी गिटारचं पोट मोठं केलं आणि आपल्या मिरजेचे सतारमेकर जिला तबली म्हणतात त्या वरच्या फळीच्या आतून पंख्याच्या काड्यांसारख्या पातळ पट्ट्या चिकटवल्या. फळी पातळ ठेवूनही ती ताण सोसू लागली आणि मोकळी थरथरू लागली. आवाज फळीतूनच येतो हे दाखवायला त्यांनी 1862 मध्ये एक गिटार केली. तिची फळी लाकडाची, पण पाठ आणि बाजू चक्क पुठ्ठ्याच्या! ती आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

तोरेसच्या गिटारवर वाजवणारे फ्रान्सिस्को तारेगा (1852–1909) यांचं नाव आपल्याला माहीत नसलं, तरी त्यांचे चार-पाच सेकंद आपण हजारदा ऐकलेत. नोकिया मोबाइलची ती प्रसिद्ध रिंगटोन म्हणजे त्यांच्या ‘ग्रान व्हाल्स’मधला एक तुकडा. एस.टी.त, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या मांडवात वाजलेला. तारेगांची नजाकत खरी कळते ती ‘रेकुएर्दोस दे ला आल्हाम्ब्रा’मध्ये. अंगठा खाली सावकाश चाल धरतो आणि वर तीन बोटं एकाच तारेवर एकामागून एक इतकी भरभर पडतात की तुटक आघातांचा सलग सूर होतो. गिटारचा सूर छेडल्याक्षणी विरू लागतो, त्यावर हा उपाय. गंमत म्हणजे हाच माणूस शेवटच्या वर्षांत नखं काढून नुसत्या बोटांनी वाजवू लागला. आवाज आणखी लहान झाला. मोठ्या सभागृहाची त्यांना फारशी ओढ नव्हती.

ती ओढ होती आंद्रेस सेगोव्हियांना. जन्म 1893, स्पेनमधल्या लिनारेसचा, शिक्षण बहुतांशी स्वतःचं स्वतः. 1909 मध्ये ग्रानादात त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. माद्रिदमधल्या कार्यक्रमासाठी ते मान्युएल रामिरेझ यांच्या दुकानात चांगली गिटार भाड्याने मागायला गेले. पियानो भाड्याने मिळतो, मग गिटार का नको, हा त्यांचा हिशेब. वादन ऐकून रामिरेझनी ती गिटार देऊनच टाकली. पुढे पॅरिस (1924), न्यूयॉर्क (1928). 1935 मध्ये पॅरिसला त्यांनी अठराव्या शतकातले जर्मन संगीतकार बाख यांचं व्हायोलिनसाठी लिहिलेलं ‘शाकोन’ गिटारवर वाजवलं. व्हायोलिनवाल्यांचं हे दैवत गिटारवर नेणं हे धाडस होतं, पण त्यानंतर गिटारला पोरखेळ म्हणणं अवघड झालं.

वाजवायला पुरेसं संगीतच नव्हतं, म्हणून सेगोव्हिया संगीतकारांच्या मागे लागले. ब्राझीलच्या व्हिला-लोबोसनी बारा एत्यूद (सरावासाठीच्या रचना) लिहिले, मेक्सिकोच्या मान्युएल पोन्से यांनी कितीतरी रचना. यातच एक मिश्किल लबाडीही झाली. पोन्सेंनी जुन्या शैलीत एक स्वीट, म्हणजे छोट्या तुकड्यांची मालिका, लिहिला आणि सेगोव्हियांनी तो अठराव्या शतकातले व्हाइस यांची रचना म्हणून वाजवला. व्हाइस ल्यूट हे गिटारसारखं जुनं तंतुवाद्य वाजवत. जाणकारही बराच काळ फसले.

तारांची गोष्ट वेगळीच. तोवर वरच्या तीन तारा आतड्याच्या असत, पिंजाऱ्याच्या धनुकलीला असते तशी तात. दमट हवेत त्या उतरत, ऐन वादनात तुटत. दुसऱ्या महायुद्धात ही तात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी जाऊ लागली आणि वादकांची पंचाईत झाली. न्यूयॉर्कचे कारागीर आल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा करून पाहिल्या, सेगोव्हियांनी त्या पारखल्या आणि काही वर्षांत तात मागे पडली.

गिटारला मीच वर आणलं, असं सेगोव्हिया सुचवत राहिले. ते अर्धंच खरं आहे. पॅराग्वेचे आगुस्तीन बार्रिओस (1885–1944) त्याच काळात दक्षिण अमेरिका पालथी घालत होते. स्वतः रचून वाजवणारे, सेगोव्हियांच्या आधीपासून ध्वनिमुद्रिका काढणारे. मात्र ते पोलादी तारा वापरत आणि युरोपीय कानांना त्या गावठी वाटत. पुढे ते डोक्यावर पिसं लावून, आदिवासी सरदाराच्या वेशात, ‘नित्सुगा मांगोरे’ या नावाने रंगमंचावर येऊ लागले. नित्सुगा म्हणजे उलटं वाचलेलं आगुस्तीन. सेगोव्हियांनी बार्रिओसची ‘ला कातेद्राल’ ही रचना कधी आपल्या कार्यक्रमात रुळू दिली नाही. बार्रिओस एल साल्वादोरमध्ये वारले आणि पुढची तीसेक वर्षं जग त्यांना जवळपास विसरलं. 1977 मध्ये गिटारवादक जॉन विल्यम्स यांची फक्त बार्रिओसच्या रचनांची तबकडी आली तेव्हा चित्र पालटलं. आज त्यांच्या रचनांशिवाय गिटारची स्पर्धा सहसा पार पडत नाही.

सेगोव्हियांना वळसा घालून मोठी झालेली दुसरी रचना ‘कोन्सिएर्तो दे आरानख्वेझ’. वयाच्या तिसऱ्या वर्षी दृष्टी गेलेल्या होआकिन रोद्रिगो यांनी ती पॅरिसमध्ये ब्रेलमध्ये लिहिली. ते स्वतः गिटार वाजवत नसत. 9 नोव्हेंबर 1940 रोजी बार्सिलोनात रेखिनो साइन्झ दे ला माझा यांनी ती पहिल्यांदा सादर केली. वाद्यवृंदासमोर गिटार बुडू नये म्हणून रोद्रिगोंनी सगळी वाद्यं एकदम क्वचितच वाजू दिलीत. मधल्या संथ भागात इंग्लिश हॉर्न नावाचं सुषिर वाद्य चाल मांडतं, गिटार खालून नुसते स्वर पसरते आणि मग तीच चाल हळूच आपल्याकडे घेते. फ्रान्समध्ये ही रचना आधी पोहोचवली ती फ्रेंच गिटारवादक ईदा प्रेस्ती यांनी, 1948 मध्ये. सेगोव्हियांनी ती कधीच वाजवली नाही.

लंडनमध्ये पुढे गिटारवादक म्हणून गाजलेले ज्युलियन ब्रीम (1933–2020) रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकत होते ते पियानो आणि चेलो. गिटार तिथे विषयच नव्हता. उलट ती इमारतीत आणू नका, असं त्यांना बजावलं होतं. पुढे याच ब्रीमसाठी इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटननी ‘नॉक्टर्नल’ लिहिलं. 1964 मध्ये ते ऑल्डबरा महोत्सवात वाजलं. त्याची रचना उलटी आहे: आधी सगळे विस्तार, अस्वस्थ, झोप न येणाऱ्या माणसाच्या रात्रीसारखे, आणि अगदी शेवटी मूळ चाल, सोळाव्या शतकातल्या जॉन डाउलंडच्या गाण्याची. आलाप-ताना आधी आणि बंदिश शेवटी, असं काहीसं. सेगोव्हियांच्या गोडव्यात रमलेल्या अनेकांना ते पचलं नाही. माझ्या मते विसाव्या शतकात गिटारसाठी याहून मोठं काही लिहिलं गेलं नाही.

त्यानंतर दारं पटापट उघडली. जपानच्या काझुहितो यामाशितांनी रशियन संगीतकार मुसोर्गस्कीची पियानोसाठीची अख्खी ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’ सहा तारांवर आणली. 1989 मध्ये शॅरन इझबिननी न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संगीत विद्यालयात गिटार विभाग सुरू केला. चीनमध्ये श्वेफेई यांग संगीत विद्यालयात गिटारची पदवी घेऊन बाहेर पडल्या.

आवाजाचा प्रश्न मात्र तसाच. ऑस्ट्रेलियाचे ग्रेग स्मॉलमन यांनी तोरेसचा पंखा सोडून तबलीखाली कार्बन फायबर लावलेली जाळी बसवली आणि फळी इतकी पातळ केली की गिटार अंगापेक्षा मोठी बोलू लागली. विल्यम्स ती वाजवू लागले, शिवाय मोठ्या सभागृहात बेताचा माइकही घेऊ लागले. जुन्या रसिकांनी नाकं मुरडली. सेगोव्हिया 1987 मध्ये, 94 व्या वर्षी वारले. हजारोंच्या सभागृहातही ते माइक घेत नसत. आवाज ऐकू आला नाही तर लोकांनी गप्प बसावं, हा त्यांचा खाक्या.