रोब (दक्षिण ऑस्ट्रेलिया)

रोब हे साउथ ऑस्ट्रेलिया राज्यातलं समुद्राकाठचं छोटंसं गाव, ॲडलेडपासून गाडीने साधारण चार तासांवर. वर्षभर राहणारी वस्ती फार तर हजार-दीड हजार असेल, पण डिसेंबर-जानेवारीत तिकडे ऐन उन्हाळा आणि शाळांना सुट्टी, त्यामुळे गावात पाय ठेवायला जागा नसते. सुट्टीत राहायच्या घराला तिकडे शॅक म्हणतात, आणि चांगली शॅक हवी तर बुकिंग खूप आधी करावं लागतं. लाँग बीच तब्बल 17 किलोमीटर लांब, वाळू इतकी घट्ट की लोक गाडी थेट पाण्याजवळ नेऊन लावतात आणि तिथेच दिवसभर बसतात. खायचं म्हणाल तर शेवंड! तिकडे तिला क्रे म्हणतात, बोटी गावातल्याच लेक बटलरमध्ये उभ्या असतात.

1846 मध्ये बंदर म्हणून गाव वसलं, नाव तेव्हाचे गव्हर्नर फ्रेडरिक रोब यांचं. त्याच्या कितीतरी आधीपासून हा बोआंडिक या मूळ रहिवासी लोकांचा मुलूख. बंदरातून लोकर जायची, पण पुढे 1876 मध्ये रेल्वे आली ती शेजारच्या किंग्स्टनला, रोबला आलीच नाही आणि धंदा बसला. मला वाटतं म्हणूनच जुनी दगडी घरं टिकली, भरभराट झाली असती तर कधीच पाडली असती.

पण रोबला गेलात तर बीचच्या आधी चिनी लोकांचं स्मारक बघा. शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात सोनं सापडल्यावर तिथल्या सरकारने जहाजातून उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर 10 पौंड कर बसवला, मग जहाजवाले त्यांना राज्याच्या हद्दीबाहेर रोबला उतरवायला लागले, आणि 1857 च्या आसपास 16 हजारांहून जास्त लोक इथे उतरून कावडीत सामान घेऊन व्हिक्टोरियातल्या बॅलरॅट-बेंडिगोच्या सोन्याच्या खाणींकडे 300 किलोमीटरच्या वर पायी गेले. काही वाटाड्यांनी पैसे घेऊन त्यांना अर्ध्या वाटेतच सोडून दिलं, हे वाचून फार वाईट वाटतं. अशाच एका तांड्याला वाटेत सोनं लागलं आणि तिथे अरारात गाव उभं राहिलं.

हा किनारा जहाजांना सोपा नव्हता, 1857 मध्येच एक डच जहाज प्रवासी उतरवून झाल्यावर इथे फुटलं आणि 16 खलाशी बुडाले. केप डॉम्बी या समुद्रात घुसलेल्या टोकावरचा 12 मीटर उंच ओबेलिस्क, म्हणजे वर निमुळता होत जाणारा मनोरा, त्याच्या आधीचा, 1855 चा, जहाजांना खूण म्हणून बांधलेला. आधी तो पांढरा होता पण वाळूच्या टेकड्यांपुढे लांबून दिसेना म्हणून 1862 मध्ये लाल-पांढरे पट्टे मारले. अडकलेल्या जहाजावर दोर फेकायचे रॉकेटही त्यातच ठेवायचे. आता मात्र खालचा चुनखडीचा कडा लाटा खात चालल्यात, जवळ जाता येत नाही, कुंपणाच्या अलीकडूनच बघायचा.