सोसणं वेगळं, सावरणं वेगळं

'फार सोसलं हो तिनं,' असं आपण एखाद्या बाईबद्दल म्हणतो आणि त्याच दमात 'पण सावरली' असंही म्हणून टाकतो. दोन्ही शब्द इतके जोडीने येतात की त्यांचा अर्थ एकच वाटायला लागतो. कॅनडा-अमेरिकेतल्या मूळनिवासी समाजांबद्दल बोलताना हीच गल्लत होते. 'एवढं होऊनही टिकली, केवढी चिवट माणसं!' असं कौतुक होतं. टिकली हे खरंच, पण त्यावरून ती सावरली की नाही हे कळत नाही.

कॅनडातल्या निवासी शाळांचं उदाहरण घेऊ. शंभरहून अधिक वर्षांत दीड लाखांवर मूळनिवासी मुलं घरातून उचलून या शाळांत ठेवली गेली. खर्च सरकारचा, कारभार बहुतेक ठिकाणी चर्चचा. केस कापले जायचे, स्वतःची भाषा बोललं तर मार बसायचा, आणि लैंगिक अत्याचार किती शाळांत झाले ते पुढे हजारो साक्षींतून बाहेर आलं. शेवटच्या शाळा 1990च्या दशकात बंद झाल्या, म्हणजे ही काही पणजोबांच्या काळातली गोष्ट नाही.

तिथल्या मुलाने काय केलं? सोसलं. दुसरं काही हातात नव्हतंच. रडायचं नाही, बोलायचं नाही, कोणावर विश्वास टाकायचा नाही, हे तो शिकला आणि त्यामुळे जगला. अडचण पुढे आली. हेच मूल मोठं होऊन बाप झालं, तेव्हा पोटच्या पोराला जवळ कसं घ्यायचं हे त्याला माहीत नव्हतं, कारण त्याला कोणी घेतलंच नव्हतं. शाळेत काय झालं ते तो घरी सांगत नाही. त्या गप्प बसण्यावर दारू पडते. नातवाला मूळ घटना ठाऊक नसते, पण तिचा परिणाम मात्र रोज घरात दिसतो. पिढ्यान्‌पिढ्यांचा आघात म्हणतात तो असा उतरतो. सोसण्याची ताकद त्या मुलाला वाचवते आणि त्याच्या मुलाला महागात पडते.

सावरणं कसं असतं ते पाहायला कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या अल्कली लेक या छोट्या गावात जावं लागतं. सेक्वेपेम्क या मूळनिवासी लोकांचं गाव, इथली मुलं विल्यम्स लेकजवळच्या सेंट जोसेफ्स मिशन या निवासी शाळेत जायची. 1970च्या सुमाराला गावात दारू न पिणारं मोठं माणूस शोधावं लागे. 1972 साली फिलिस आणि अँडी चेल्सी या जोडप्याची लहान मुलगी आजीकडे होती. तिने घरी यायला नकार दिला. तुम्ही फार पिता, म्हणाली. फिलिसने दारू सोडली, मागोमाग अँडीने.

बराच काळ सुधारलेली माणसं ही दोनच होती. अँडी गावाचा प्रमुख झाला आणि त्याने चोरून दारू आणणाऱ्यांना अडवलं. सरकारी मदतीचे पैसे रोख हातात देण्याऐवजी किराण्याच्या चिठ्ठ्या सुरू केल्या. लोक चिडले, आणि त्यात आश्चर्य नाही. गावाला पुन्हा कोणीतरी शिस्त लावतंय असंच त्यांना वाटलं असणार. पण हळूहळू एकेक जण उपचारांना जाऊ लागला, आणि इथे मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक साधी गोष्ट: माणूस उपचारांना गेला की मागे गावकरी त्याची मुलं सांभाळायचे, घराची डागडुजी करून ठेवायचे. परत आलेला माणूस जुन्याच पडक्या घरात जुन्याच एकटेपणात येऊन पडत नसे. 1980च्या दशकाच्या मध्यापर्यंत जवळजवळ सगळं गाव दारूपासून दूर झालं होतं.

गोष्ट इथे संपवायचा मोह होतो, पुष्कळ जण संपवतातही. पण दारू उतरल्यावरच लोकांना आठवायला लागलं. शाळेत झालेले अत्याचार, मग गावात आपापसांत झालेले अत्याचार, हे सगळं त्यानंतर बोललं जाऊ लागलं. म्हणजे दारू सुटली तेव्हा सोसण्यावरचं फक्त झाकण निघालं. सावरणं त्यापुढे सुरू झालं, ऐकणारी माणसं सोबत असताना.

(आपल्या जात्यावरच्या ओव्या कुठल्या खात्यात टाकायच्या, असा प्रश्न मला नेहमी पडतो. सासुरवास तर चालूच असायचा. पण जात्याच्या खुंट्याला दुसऱ्या बाईचाही हात असेल तर ती ओवी नुसतं सोसणं राहत नाही, एवढं मला वाटतं.)

'आतली ताकद' आणि 'समाजाची ताकद' असे दोन वेगळे कप्पे करणारेही असतात. त्यांच्यासाठी मायकल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंड या मानसशास्त्रज्ञांचा 1998चा अभ्यास बोलका आहे. ब्रिटिश कोलंबियातल्या सुमारे दोनशे मूळनिवासी समूहांत तरुणांच्या आत्महत्या सारख्या प्रमाणात नव्हत्या. काही ठिकाणी प्रमाण भयंकर होतं, निम्म्याहून जास्त ठिकाणी एकही नव्हती. त्यांनी सहा गोष्टी तपासल्या: जमिनीवरच्या हक्काचा लढा, स्वशासन, आणि शाळा, आरोग्यसेवा, पोलीस-अग्निशमन, सांस्कृतिक केंद्र स्वतःच्या हातात आहे का. सहाही असलेल्या समूहांत त्या पाच-सहा वर्षांत एकाही तरुणाने जीव दिला नव्हता. कारण हेच, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. पण शाळेच्या किल्ल्या कोणाकडे आहेत याचा पोराच्या मनाशी संबंध आहे, असं म्हणायला जागा नक्की आहे.

माफी आणि भरपाई यांनाही लोक सावरणं समजतात. 2007पासून निवासी शाळांत गेलेल्यांना शाळेतल्या पहिल्या वर्षाचे 10,000 डॉलर आणि पुढच्या प्रत्येक वर्षाचे 3,000, अशी सरसकट भरपाई मिळाली. 2008 साली पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. आणि ज्या संस्थेमार्फत गावोगावच्या उपचारांना पैसा जायचा, त्या ॲबोरिजिनल हीलिंग फाउंडेशनचा सरकारी निधी 2010च्या अर्थसंकल्पात पुढे चालू ठेवला नाही. एवढं सांगून पुढे जातो.

सीमेच्या खाली, अमेरिकेतल्या दक्षिण डाकोटात, लाकोटा या मूळनिवासी लोकांना तर रडायलाच बंदी होती, असं म्हटलं तर फार चूक नाही. 1883च्या सरकारी नियमांनी त्यांचे विधी गुन्हा ठरवले, शोकात सामान नष्ट करण्याची रीतसुद्धा. सात वर्षांनी, 29 डिसेंबर 1890 रोजी, वूंडेड नी इथे सैन्याने शेकडो लाकोटांना मारलं, त्यात बायका-मुलं पुष्कळ. त्यांच्यासाठी हवा तसा शोक करायची सोय नव्हती. मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट या लाकोटा अभ्यासिकेने याला न संपलेला शोक म्हटलं.

1986च्या डिसेंबरात मोजके स्वार, वूंडेड नीला मारल्या गेलेल्या लाकोटांचा प्रमुख बिग फूट याच्या टोळीच्या वाटेने वूंडेड नीकडे निघाले. पुढे दरवर्षी, हाडं गोठवणाऱ्या थंडीत, घोडे वाढत गेले. 1990 साली शंभर वर्षं पूर्ण झाली तेव्हा शेकडो स्वार होते, आणि तिथे अश्रू पुसण्याचा विधी झाला. ठरल्याप्रमाणे काम तिथे संपलं होतं. त्यानंतरही डिसेंबरात घोडे निघत राहिले. आता त्या स्वारीला 'पुढच्या पिढ्यांची' म्हणतात, आणि खोगिरावर पुष्कळशी शाळकरी मुलं असतात.