कुणाला तरी आधीच माहीत होतं: हॅलिबर्टनच्या कारभाराची पार्श्वभूमी

तेलाच्या धंद्यात तेलावर हक्क एका कंपनीचा असतो, आणि विहिरीला केसिंग (आतून बसवायचा लोखंडी नळ) बसवणं, सिमेंट भरणं, आत उपकरणं सोडून मोजमापं घेणं ही कामं बहुधा दुसऱ्याच कंपन्या करतात. हक्क असलेल्या कंपनीला ऑपरेटर म्हणतात आणि बाकीच्यांना सर्व्हिस कंपन्या. आपल्याकडे मुंबई हायमध्ये ओएनजीसी ऑपरेटर आहे आणि विहिरींवरची बरीच खास कामं ती अशा कंपन्यांना कंत्राटानं देते. जगात या व्यवसायातली सर्वांत मोठी नावं तीन: श्लुम्बर्जे (२०२२ पासून एसएलबी), हॅलिबर्टन आणि बेकर ह्यूज. पेट्रोल पंपावर यांची पाटी कधी दिसत नाही. त्यामुळे सामान्य वाचकाच्या कानावर ही नावं पडतात ती बहुतेकदा काहीतरी भयंकर घडल्यावर.

हॅलिबर्टनचं नाव असं वारंवार पडलं. तिच्यावरचे खटले, दंडाचे आदेश आणि चौकशी अहवाल एकापाठोपाठ वाचत गेलं की एक गोष्ट पुन्हापुन्हा समोर येते. जवळजवळ प्रत्येक प्रकरणात खरं काय ते कुणाला तरी वेळेत माहीत होतं. ते योग्य माणसापर्यंत पोचलं नाही, किंवा ज्यानं पोचवलं त्यालाच त्याची किंमत मोजावी लागली. भिंतीवर लावलेल्या आचारसंहितेपेक्षा मला हा प्रश्न फार मोठा वाटतो, म्हणून ही पार्श्वभूमी त्याच अंगानं मांडली आहे.

सुरुवात सिमेंटपासून. अर्ल हॅलिबर्टन हा तरुण कॅलिफोर्नियात पर्किन्स यांच्या कंपनीत विहिरींना सिमेंट भरण्याचं तंत्र शिकला आणि १९१९ मध्ये त्यानं स्वतःचा व्यवसाय मांडला. विहिरीत लोखंडी केसिंग उतरवलं की ते आणि भोवतालचा खडक यांच्यामध्ये पोकळी राहते. तिच्यात सिमेंट नीट बसलं नाही तर खालचा वायू आणि तेल त्या वाटेनं वर येतं. म्हणजे विहिरीची सुरक्षितता ज्या कामावर उभी असते ते काम डोळ्यांना कधीच दिसत नाही. खाली काय झालं असेल हे चाचण्या आणि आकडे यांवरूनच ओळखायचं. साहजिकच आकडे देणाऱ्याचा प्रामाणिकपणा हा या व्यवसायाचा पायाच आहे. १९२४ मध्ये कंपनीची रीतसर नोंदणी झाली तेव्हा सात मोठ्या तेल कंपन्यांनी तिचे शेअर घेतले. ग्राहकच भागीदार झाले. गिऱ्हाईक नाराज होईल असं बोलायचं की नाही, हा पेच या कंपनीच्या पाळण्यातच होता असं मला वाटतं.

पुढची काही दशकं वाढीची होती, त्यांत फार रेंगाळायला नको. १९६२ मध्ये हॅलिबर्टननं टेक्सासची ब्राउन अँड रूट ही बांधकाम कंपनी विकत घेतली, तिथे मात्र थांबायला हवं. धरणं, युद्धनौका अशी सरकारी कामं करून ही कंपनी मोठी झाली होती, पुढे तिनं व्हिएतनाममध्ये लष्करी तळही बांधले, आणि नंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या लिंडन जॉन्सन यांच्याशी तिचे जुने, घट्ट संबंध होते. तेलविहिरीवरचं काम आणि सरकारदरबारचं काम या दोन वेगळ्या विद्या आहेत. त्या एका छपराखाली आल्या. १९९२ मध्ये अमेरिकी लष्कराची पुरवठ्याची कामं खासगी कंपनीकडे सोपवता येतील का, याचा अभ्यास ब्राउन अँड रूटनं केला आणि त्याच वर्षी ते कंत्राटही तिलाच मिळालं. तेव्हा संरक्षणमंत्री होते डिक चेनी. १९९५ मध्ये तेच चेनी हॅलिबर्टनचे प्रमुख झाले आणि २००० मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीसाठी बाहेर पडले.

चेनींच्या काळातला सर्वांत मोठा निर्णय म्हणजे १९९८ मधलं ड्रेसर इंडस्ट्रीजशी विलीनीकरण. किंमत सुमारे ७७० कोटी डॉलर. ड्रेसरबरोबर दोन ओझी आली. एक अ‍ॅस्बेस्टॉसचं: ड्रेसरच्या जुन्या उपकंपन्यांच्या मालामुळे आजारी पडलेल्या कामगारांचे दावे. डिसेंबर २००१ मध्ये या दाव्यांच्या धास्तीनं हॅलिबर्टनचा शेअर एका दिवसात ४० टक्क्यांहून जास्त कोसळला, आणि पुढे काही उपकंपन्यांना दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून नेऊन सुमारे ४०० कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. दुसरं ओझं ड्रेसरच्याच एम. डब्ल्यू. केलॉग या कंपनीतून आलं. ब्राउन अँड रूट आणि केलॉग एकत्र करून केबीआर उभी राहिली, आणि केलॉगबरोबर नायजेरियाचं प्रकरण आलं.

नायजेरियाच्या बोनी बेटावर नैसर्गिक वायू द्रवरूप करण्याचा अवाढव्य प्रकल्प होता. एकूण ६०० कोटी डॉलरहून मोठी कंत्राटं फ्रान्सची टेक्निप, इटलीची स्नॅमप्रोजेट्टी, केलॉग आणि जपानची जेजीसी या चौघांच्या गटाला मिळाली. ती मिळवण्यासाठी १९९४ पासून दहा वर्षं लंडनचा एक वकील आणि एक जपानी व्यापारी कंपनी यांच्यामार्फत १८ कोटी डॉलरहून जास्त रक्कम फिरवली गेली. ती नायजेरियातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांपर्यंत जावी असा हेतू होता. ही रक्कम कशी द्यायची हे ठरवणाऱ्या बैठकांना गटातले लोक ‘सांस्कृतिक बैठका’ म्हणत. तिथे बसलेल्या प्रत्येकाला काय चाललंय ते माहीत होतं. हॅलिबर्टनच्या कायदा विभागानं या वकिलाची तपासणी केली होती, पण तिच्यातून काही पकडलं गेलं नाही. धागा पुढे फ्रान्समधल्या न्यायालयीन चौकशीत लागला. केबीआरचे माजी प्रमुख अल्बर्ट जॅक स्टॅन्ली यांनी २००८ मध्ये गुन्हा कबूल केला आणि २०१२ मध्ये त्यांना ३० महिन्यांची शिक्षा झाली. फेब्रुवारी २००९ मध्ये केबीआरला ४०.२ कोटी डॉलरचा फौजदारी दंड झाला आणि हॅलिबर्टन व केबीआरनं मिळून १७.७ कोटी डॉलरचा नफा परत केला.

याच काळात हिशेबाचाही एक प्रश्न उभा राहिला. बांधकामाचा खर्च ठरल्यापेक्षा वाढला की कंपनी ग्राहकाकडे जादा पैसे मागते. ते पैसे ग्राहकानं कबूल केले नसतानाही उत्पन्नात धरायला हॅलिबर्टननं १९९८ मध्ये सुरुवात केली, आणि ही पद्धत बदलल्याचं गुंतवणूकदारांना बरेच महिने सांगितलंच नाही. एसईसी, म्हणजे आपल्या सेबीसारखी अमेरिकेतली नियामक संस्था, हिनं २००४ मध्ये ७५ लाख डॉलर दंड केला.

इराक युद्धातल्या कंत्राटांवर इतकं लिहिलं गेलंय की इथे एकच व्यक्ती आठवणं पुरे. बनॅटिन ग्रीनहाउस या लष्कराच्या अभियंता दलातल्या कंत्राटविषयक सर्वोच्च अधिकारी. इराकच्या तेलसाधनांच्या दुरुस्तीचं कंत्राट स्पर्धेशिवाय केबीआरला, तेही इतक्या लांब मुदतीनं, देण्याला त्यांनी विरोध केला आणि सहीशेजारी स्वतःच्या हातानं आपली हरकत नोंदवली. २००५ मध्ये त्यांना पदावरून खाली आणलं गेलं. २०११ मध्ये त्यांच्या दाव्यात सरकारनं ९ लाख ७० हजार डॉलरची तडजोड केली. एप्रिल २००७ मध्ये केबीआर हॅलिबर्टनपासून वेगळी झाली. आता आपल्याकडे फक्त तेलविहिरींचं काम उरलं, जुनी भुतं गेली, असं कंपनीतल्या अनेकांना तेव्हा वाटलं असेल.

तीन वर्षांत मॅकोंडो घडलं.

२० एप्रिल २०१०. मेक्सिकोच्या आखातात, दीड किलोमीटर खोल पाण्यात बीपी या ब्रिटिश तेल कंपनीची मॅकोंडो विहीर, ट्रान्सओशनची डीपवॉटर होरायझन ही रिग (विहीर खोदणारा तरंगता मंच), आणि सिमेंटिंग हॅलिबर्टनचं. आदल्या रात्री नायट्रोजनचा फेस मिसळलेलं हलकं सिमेंट विहिरीत सोडलं होतं. असा फेस स्थिर राहिला तरच सिमेंट एकसंध घट्ट होतं. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाला पुढे असं आढळलं की हॅलिबर्टनच्या स्वतःच्या प्रयोगशाळेत फेब्रुवारीतल्या चाचण्यांत हे मिश्रण अस्थिर ठरलं होतं. त्यांतल्या एका चाचणीचा निकाल मार्चमध्ये बीपीला ईमेलनं गेला, पण अहवालातल्या इतर आकड्यांच्या गर्दीत. ‘हे मिश्रण नापास झालंय’ असं एक वाक्य वेगळं लिहिलेलं नव्हतं. एप्रिलमधली आणखी एक चाचणी बिघडली. शेवटच्या चाचणीचा निकाल तर प्रत्यक्ष सिमेंट भरण्याआधी हाती होता की नाही, हेही आयोगाला ठामपणे ठरवता आलं नाही. आयोगाच्या सांगण्यावरून शेव्हरॉन या दुसऱ्या तेल कंपनीच्या प्रयोगशाळेनं जवळपास तसंच मिश्रण करून पाहिलं. ते एकदाही स्थिर राहिलं नाही.

दोष एकट्या हॅलिबर्टनचा नव्हता, हे तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. केसिंग विहिरीच्या मधोमध राहावं म्हणून सेंट्रलायझर लावतात. हॅलिबर्टनच्या अभियंत्यानं २१ सुचवले होते, बीपीनं ६ वापरले. सिमेंट पक्कं बसलंय का हे तपासायला श्लुम्बर्जेचे लोक रिगवर आले होते, त्यांना ती चाचणी न करताच २० तारखेच्या सकाळी परत पाठवलं. दाबाच्या चाचणीचा अर्थ रिगवरच्या लोकांनी चुकीचा लावला. रात्री पावणेदहाच्या सुमारास स्फोट झाला. ११ कामगार गेले. विहीर बंद व्हायला ८७ दिवस लागले.

मला जास्त अस्वस्थ करतं ते त्यानंतरचं. सेंट्रलायझर कमी वापरले म्हणून अपघात झाला, असं हॅलिबर्टन म्हणत होती. मे २०१० मध्ये कंपनीच्या आतच ६ आणि २१ सेंट्रलायझर घेऊन संगणकावर तुलना करण्यात आली. दोन्हींत फारसा फरक दिसला नाही. मग ते निकाल पुसून टाकायला सांगण्यात आलं. जूनमध्ये पुन्हा तसंच झालं. २०१३ मध्ये हॅलिबर्टननं पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा कबूल केला. दंड झाला २ लाख डॉलर, कारण या गुन्ह्याला कायद्यात कमाल तेवढाच होता. त्यापलीकडे तीन वर्षांची देखरेख, आणि वन्यजीवांसाठीच्या एका प्रतिष्ठानला कंपनीनं स्वतःहून दिलेले ५.५ कोटी डॉलर. सप्टेंबर २०१४ मध्ये कंपनीनं नुकसानभरपाईच्या बहुतेक दाव्यांवर ११० कोटी डॉलरची तडजोड केली. त्याच आठवड्यात न्यायाधीश कार्ल बार्बिए यांनी जबाबदारी वाटून दिली: बीपी ६७ टक्के, ट्रान्सओशन ३०, हॅलिबर्टन ३. कायद्याच्या तराजूत ३ टक्के बरोबर असतीलही. पण नापास चाचणीचा कागद ज्यांच्या टेबलावर होता त्यांच्या जबाबदारीचं माप टक्क्यांत मिळत नाही.

अँथनी मेनेंडेझ यांची गोष्ट या सगळ्यात कमी गाजलेली आणि व्यवस्थापन शिकणाऱ्या प्रत्येकानं वाचावी अशी आहे. ते २००५ मध्ये हॅलिबर्टनच्या लेखा विभागात वरिष्ठ पदावर रुजू झाले. ग्राहकाला अजून पोचवलेला नसलेला, कंपनीच्याच गोदामात असलेला माल विकला गेला असं धरून उत्पन्न दाखवलं जातंय, असं त्यांना दिसलं. त्यांनी वरिष्ठांना सांगितलं. काही झालं नाही. नोव्हेंबरमध्ये त्यांनी एसईसीकडे गोपनीय तक्रार केली आणि फेब्रुवारी २००६ मध्ये कंपनीच्या ऑडिट कमिटीलाही कळवलं. काही दिवसांतच, कागदपत्रं जपून ठेवा असं सांगणारा एक ईमेल त्यांच्या विभागात फिरला. एसईसी मेनेंडेझ यांच्या आरोपांची चौकशी करत आहे, असं त्यात नावासकट लिहिलं होतं. गोपनीयता संपली. ज्यांच्या कामाबद्दल तक्रार होती तेच सहकारी समोर होते. ते त्यांना टाळू लागले. त्याच वर्षी त्यांनी नोकरी सोडली.

एसईसीनं पुढे कारवाई न करता चौकशी बंद केली, हेही नोंदवायला हवं. पण नाव उघड करणं ही सूडाची कृती होती का, हा प्रश्न वेगळा होता आणि मेनेंडेझ यांनी तो सोडला नाही. पहिल्या फेरीत ते हरले. २०११ मध्ये कामगार खात्याच्या अपील मंडळानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये पाचव्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयानं तो कायम केला. भरपाई ३० हजार डॉलर. पगार कापला नाही, हुद्दा काढला नाही, तरी केवळ नाव फोडणं हीसुद्धा शिक्षाच असते, हे त्या निकालानं मान्य केलं. दंडाच्या सगळ्या कोटींपेक्षा या निकालाचं मोल मला जास्त वाटतं.

अंगोलाचं प्रकरण २०१७ मध्ये मिटलं. सरकारी तेल कंपनीकडून कामं मिळावीत म्हणून तिथल्या एका अधिकाऱ्याच्या मित्राच्या स्थानिक कंपनीला कंत्राट देण्यात आलं. लाचेचा धोका जास्त असलेल्या देशांत १० हजार डॉलरवरच्या कंत्राटाला समितीची मंजुरी लागेल, असा हॅलिबर्टनचा स्वतःचा नियम होता. नियम उत्तम होता, तो वळसा घालून टाळला गेला. एसईसीशी तडजोड २.९२ कोटी डॉलरची. आणि ही एकट्या हॅलिबर्टनची रीत म्हणता येत नाही: कझाकस्तानातल्या लाचखोरीबद्दल बेकर ह्यूजच्या उपकंपनीनं २००७ मध्ये, तर इराण आणि सुदानवरच्या निर्बंधांच्या भंगाबद्दल श्लुम्बर्जेच्या उपकंपनीनं २०१५ मध्ये गुन्हा कबूल केला आहे.

हे सगळं आपल्यापासून दूर नाही. हॅलिबर्टनचं तंत्रज्ञान केंद्र पुण्यात आहे, श्लुम्बर्जेचंही आहे, आणि अनेक मराठी अभियंते तिथे काम करतात. उद्या त्यांच्यापैकी एखाद्याच्या हाती नापास चाचणीचा निकाल आला तर? कंपनी कायदा २०१३ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना तक्रार करण्याची आणि तक्रारदाराला जपण्याची यंत्रणा ठेवावी लागते. ओएनजीसीसारख्या सरकारी कंपन्यांसाठी संसदेनं तक्रारदारांच्या संरक्षणाचा कायदा मंजूर केला. मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची सहीही झाली, पण तो अजून अंमलात आलेला नाही. महामार्गाच्या कामातला गैरव्यवहार कळवणारे अभियंता सत्येंद्र दुबे यांचा नोव्हेंबर २००३ मध्ये खून झाल्यावर सरकारनं २००४ मध्ये एक ठराव केला होता. अशा तक्रारी आजही त्याच ठरावाखाली केंद्रीय दक्षता आयोगाकडे जातात.