1 ऑगस्ट 1920: एका दिवशी काय काय घडलं

1 ऑगस्टला महाराष्ट्रातल्या शाळांत टेबलावर दोन फोटो शेजारी शेजारी मांडतात. एक लोकमान्य टिळकांचा, दुसरा अण्णा भाऊ साठ्यांचा. एकाची पुण्यतिथी, दुसऱ्याची जयंती. तारीख एक हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण सालही एकच आहे हे भाषणांत अनेकदा राहून जातं.

31 जुलैची मध्यरात्र उलटून थोड्याच वेळात मुंबईच्या सरदारगृहात टिळकांचं निधन झालं. पावसात लाखोंची गर्दी लोटली. अंत्यसंस्कार स्मशानात नाही, गिरगाव चौपाटीवर झाले आणि तिरडीला गांधीजींनीही खांदा दिला. असहकाराच्या आरंभासाठी हाच दिवस आधीपासून ठरलेला होता. त्याच तारखेच्या पत्राने गांधीजींनी कैसर-ए-हिंदसह आपली पदकं व्हाइसरॉयना परत पाठवली. टिळकांचं जाणं आणि असहकाराची सुरुवात एका दिवशी येणं हा निव्वळ योगायोग. तरी एक पर्व संपून दुसरं सुरू झाल्याची खूण म्हणून ही तारीख इतिहासात राहिली.

तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या वाटेगावात, मांगवाड्यात, त्याच दिवशी तुकाराम भाऊराव साठे जन्मला. त्याची बातमी कुठे छापून येणार? हाच मुलगा पुढे अण्णा भाऊ झाला. गाव सोडून वडिलांसोबत पायी मुंबई गाठली, गिरणीत राबला, आणि 1944 मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्याने लाल बावटा कलापथक उभं केलं.

दोन फोटोंमधला खरा दुवा मला तारखेपेक्षा गिरणगावात दिसतो. जुलै 1908 मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईचे गिरणी कामगार सहा दिवस संपावर गेले, वर्षाला एक दिवस या हिशेबाने. रस्त्यावर गोळीबार झाला, माणसं मेली. पुढाऱ्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या या कामगारांचं स्वतःचं जगणं मात्र पुढे कितीतरी वर्षं साहित्यात नावालाच होतं. ते शाहिरीत आणि कथांत आणलं वाटेगावच्या त्या मुलाने, आणि त्याची शाळा जेमतेम दीड दिवसाची.