जुन्या पिकअपची डिझेल टाकी: गळती, दुरुस्ती आणि बदल (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

दहा-बारा वर्षं झालेल्या पिकअपखाली डिझेलचा ओला डाग दिसला की बहुतेक जण गाडी घेऊन येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "वेल्डिंग करून भागेल ना?" नाही भागत. का भागत नाही आणि टाकी बदलायची म्हणजे काय काय करावं लागतं, ते या पत्रकात लिहिलं आहे. गाडी आमच्याकडे सोडण्याआधी एकदा वाचलंत, तर बिल बघून पडणारे बरेचसे प्रश्न आधीच सुटतील.

टाकी सडते कुठून

पिकअपची टाकी चेसिसच्या बाजूला लोखंडी पट्ट्यांवर टांगलेली असते. पट्टा आणि टाकी यांच्यामध्ये रबराची पट्टी असते. रस्त्यावरचा चिखल आणि पाणी या रबराच्या मागे शिरतं आणि तिथून वाळत नाही. म्हणून बाहेरून रंग धड दिसणारी टाकीसुद्धा पट्टा सोडवला की नेमकी त्याच्याखाली चाळणी झालेली निघते. मासळीच्या गाड्यांची तऱ्हा सगळ्यात वाईट. मिरकरवाडा बंदर असो की हर्णै, बर्फ वितळून हौद्यातून खाली गळणारं खारट पाणी थेट टाकीवर आणि चेसिसवर पडतं. त्याच वयाची चिरे वाहणारी गाडी आणि मासळीची गाडी शेजारी उभी करून खाली वाकून बघा, फरक लगेच कळेल.

दुसरा गंज आतून लागतो. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी रात्रभर उभी राहिली की आतल्या हवेतला दमटपणा गार पत्र्यावर थेंब धरतो. पावसाळ्यात हे रोजचंच. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी बसतं. सक्शन पाइपचं (टाकीतून इंजिनाकडे डिझेल ओढणाऱ्या नळीचं) तोंड तळापासून थोडं वर ठेवलेलं असल्याने गाडी बिनतक्रार चालत राहते आणि पाणी वर्षानुवर्षं तिथेच राहून पत्रा खातं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्मजीव वाढतात. फिल्टर उघडल्यावर जो काळा, बुळबुळीत गाळ दिसतो तो बऱ्याचदा त्यांचाच असतो. आम्ही रात्री गाडी लावताना टाकी भरलेली ठेवा असं सांगतो, त्याचं कारण हे.

टाकीच आहे की दुसरं काही

घाट चढताना गाडी ओढ सोडते, बाजूला घेऊन दहा मिनिटं बंद ठेवली की पुन्हा नीट चालते, मग पुढच्या चढाला परत तेच. हे लक्षण असेल तर आधी टाकीवर संशय घ्या. सक्शनच्या जाळीवर गंजाचा चुरा जमतो, इंजिन बंद केलं की तो खाली बसतो. अशा गाडीचा डिझेल पंप आधी खोलला जातो, मोठा खर्च होतो आणि तक्रार जागच्या जागी राहते. आम्ही पंपाला हात लावण्याआधी फिल्टरमधलं डिझेल काचेच्या बाटलीत काढून तुमच्यासमोर थोडा वेळ ठेवतो. तळाशी पाणी किंवा तपकिरी चुरा दिसला, तर दोष पंपाच्या आधी आहे.

काही वेळा टाकी अगदी चांगली असते. गाडी बंद पडल्यावर टाकीचं झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलेलं आहे. झाकण बदला, काम झालं. टाकी फुल केल्यावरच गळत असेल तर बहुधा भरणीचा रबरी होस किंवा फ्लोटखालचं (डिझेलची पातळी काट्यावर दाखवणाऱ्या तरंगत्या भागाखालचं) पॅकिंग गेलेलं असतं. तिथलं डिझेल टाकीच्या अंगावरून ओघळून तळाला थेंब धरतं आणि तळच फुटलाय असं वाटतं. हे आम्ही आधी तपासतो, कारण त्याचा खर्च टाकीच्या मानाने किरकोळ आहे.

वेल्डिंग, एम-सील आणि साबण

रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, हे बऱ्याच जणांना पटत नाही. भारतीय मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो बिंदू, किमान ३५ अंश सेल्सिअस ठरवलेला आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेवढं तापमान नुसत्या हवेचंच होतं. टाकी कितीही धुतली तरी सांध्यांत आणि गंजाच्या पापुद्र्यांत डिझेल राहतंच. वेल्डिंगची आच लागली की त्याची वाफ होते, ती आतल्या हवेत मिसळते आणि टाकीचा स्फोट होतो. आमच्या गॅरेजमध्ये डिझेल टाकीला वेल्डिंग होत नाही, ओळखीच्यांसाठीही नाही. आणि समजा पॅच बसला, तरी त्याच्या कडेचा पत्रा त्याच वयाचा, तितकाच पातळ झालेला. गळती दोन बोटं सरकते, एवढंच.

वाटेत बारीक छिद्र पडलं तर कपडे धुण्याची कोरडी साबणवडी त्यावर घासून भरा. डिझेलमध्ये साबण सहज विरघळत नाही, गाडी घरापर्यंत येते. एम-सीलही चालेल, मात्र पत्रा पुसून कोरडा आणि खरखरीत केल्याशिवाय ते धरत नाही. दोन्ही उपाय गॅरेज गाठण्यापुरते. एम-सीलवर पावसाळा काढणाऱ्या गाड्या आम्ही बघतो, त्यांचं डिझेल रस्त्यावर सांडतं आणि मागून येणारा दुचाकीवाला घसरतो.

कोणती टाकी बसवायची

कंपनीची नवी टाकी मिळत असेल तर तीच घ्या. जुन्या मॉडेलची मिळत नाही किंवा फार दिवस लागतात, तेव्हा स्थानिक बनावटीची टाकी घ्यावी लागते. त्यात वाईट काही नाही, पण दोन गोष्टी बघून घ्या. टाकी जीआय पत्र्याची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची नको. जस्ताचा डिझेलशी संयोग होऊन साबणासारखा चिकट गाळ तयार होतो आणि तो फिल्टरमध्ये, नोझलवर बसतो. पाण्याच्या टाकीला चांगला असलेला पत्रा इथे घात करतो. दुसरं, आत आडवे पडदे हवेत. पडदे नसतील तर ब्रेक मारल्यावर सगळं डिझेल एका बाजूला आपटतं, सांधे उकलतात, काटा नाचतो आणि डिझेल कमी असताना सक्शन हवा ओढतं. बाहेरून पडदे दिसत नाहीत, फ्लोटच्या भोकातून टॉर्च मारून बघायचे.

भंगारातली टाकी आम्ही बसवत नाही. कॉमन रेल इंजिनाला (ज्यात सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल जातं) तर मुळीच नाही. तिथे हजार बारपेक्षा जास्त दाबाने डिझेल नोझलमधून जातं, गंजाचा बारीक कणसुद्धा महागात पडतो. मूळ मापापेक्षा मोठी टाकी बसवून मागू नका.

काम कसं होतं

गाडी आणताना टाकीत चार-पाच लिटरच डिझेल ठेवा. चाळीस लिटर म्हणजे तेहतीसेक किलो वजन, ते घेऊन टाकी उतरवणं अवघड. आम्ही बॅटरीची निगेटिव्ह वायर काढतो आणि उरलेलं डिझेल मोजून कॅनमध्ये काढतो. ते वापरण्यासारखं असलं तर गाळून तुम्हाला परत.

पट्ट्यांचे बोल्ट गंजून एकजीव झालेले असतात. तिथे ग्राइंडर चालवत नाही, हॅक्सॉने कापतो. अर्धा दिवस जातो तो इथेच, आणि मजुरीही मुख्यतः याचीच. सक्शन आणि रिटर्नचे (उरलेलं डिझेल टाकीत परत आणणारे) पाइप सोडवण्याआधी दोन रंगांच्या टेप लावतो. अदलाबदल झाली तर गाडी चालू होऊन बंद पडते आणि कारण शोधताना दिवस जातो. टाकी उतरल्यावर चेसिसचा तो भाग उघडा पडतो. तिथे सळईने टोचून बघतो आणि तुम्हालाही दाखवतो. गंज वरवरचा असेल तर घासून रंग देतो. पत्रा दबत असेल तर आधी चेसिसचं काम, मग नवी टाकी.

नवी टाकी बसवण्याआधी लिटरभर डिझेलने आतून खळबळून घेतो. पट्ट्यांची रबरं, होस, क्लिपा आणि फिल्टर नवेच लागतात. बिलात ते वेगळे दिसतात, वाचवू नका. जुना होस नव्या टाकीला लावला तर तो क्लिपेपाशी चिरतो आणि सिस्टीम हवा धरते. शेवटी हातपंपाने एअर काढून गाडी चालू करतो.

पहिल्या तीनशे किलोमीटरनंतर गाडी दाखवायला आणा. रबर बसल्यावर पट्टे सैल होतात, ते आवळून देतो. याचे पैसे नाहीत. लाइनमधला जुना चुरा सुटून येत असल्याने हजार किलोमीटरला फिल्टर पुन्हा बदला.

केव्हा यावं

मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की पासिंग दरवर्षी. गळती असेल तर त्याआधीच उरकून घ्या. मासळीवाल्यांना १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदीची मुदत सोयीची. आंबेवाल्यांनी हंगाम संपल्यावर यावं, मार्च-एप्रिलमध्ये आमच्याकडेही गर्दी असते. येताना आरसी बुक आणा. एकाच नावाच्या मॉडेलमध्ये बीएस-३ (बीएस म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे सरकारी निकष) आणि १ एप्रिल २०१७ नंतरच्या बीएस-४ गाडीचे फ्लोट आणि पाइप वेगळे असू शकतात. चेसिस नंबरावरून टाकी मागवली की परत पाठवायची वेळ येत नाही.